घरचा साधा लँडलाइन काढून फायबर ब्रॉडबँड घ्यावं का? बाबा तयार नाहीत

हद्दीवरचा

नमस्कार मंडळी, प्रश्न साधा आहे खरं घरात त्याच्यावरनं रोज वाद होऊलालाय म्हणून इथं टाकतोय. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला अगदी चिकटून. घरी सत्त्याण्णव सालापासून लँडलाइन आहे, नुसता फोन, त्याच्यावर इंटरनेट कधीच घेतलेलं नाही. बाबांनी त्या वेळी नंबर लावून वाट बघून तो घेतलेला, त्यामुळं त्या फोनला हात लावायचा नाही असा घरात नियमच आहे. गडहिंग्लजची आत्या रोज संध्याकाळी सातला त्याच्यावर फोन करते, मोबाईलवर करत नाही, तिला लँडलाइनचा आवाजच बरा वाटतो म्हणे.

मी उद्यमबागेतल्या दोन-तीन वर्कशॉपना कास्टिंगची ड्रॉइंग करून देतो, घरात बसून. एकेक मॉडेलची फाइल ७०-८० एमबी होते. पाठवायचं काम सगळं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. सोप्यात बसलो तर एक कांडी, माळ्यावर गेलो तर तीन कांड्या खरं त्या पलीकडच्या टॉवरच्या, आणि जरा वारं सुटलं की परत अलीकडचा टॉवर धरतोय, फाइल नव्वद टक्क्यावर येऊन तुटली की परत पहिल्यापासून. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला लॅपटॉप पिशवीत घालून गाडीवरनं हिंडलग्याला मित्राच्या घरी गेलो आणि तिथनं पाठवली.

आता गल्लीत फायबर आलंय. केबलवाला म्हणतोय घ्या. कोण म्हणतंय जुन्या तारेवरच ब्रॉडबँड मिळतंय, वेगळं कशाला. बाबा म्हणतात करंट गेला तरी हा फोन चालतोय, तुझं ते काचेचं फायबर चालणार काय. साधी फोनची तार आणि ब्रॉडबँड ह्यात नेमका फरक काय पडतोय हे कुणीतरी नीट सांगा, म्हणजे मला घरात सांगता येईल. नुसतं स्पीड स्पीड म्हणून बाबा ऐकणार नाहीत, त्यांना स्पीडचं काय करायचंय.

निपाणी_डीटीपी

भावा तुझ्या हिंडलग्याच्या फेरीवरनं माझे जुने दिवस आठवले बघ. निपाणीत माझं डीटीपीचं दुकान, लग्नपत्रिका, बिलबुकं, तंबाखूच्या पुड्यांची लेबलं असलं काम. २००१-०२ ची गोष्ट. फोनच्या तारेला मॉडेम लावायचा, नंबर डायल करायचा, मग ते किर्रर्र कुंईंईं खर्रर्र सुरू व्हायचं, पोरं दाराशी येऊन ऐकत बसायची. ५६ केबीपीएसचा मॉडेम म्हणून घेतलेला खरं प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच केबी उतरायचं, ते पण आभाळ मोकळं असलं तर.

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं ते मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत, आमच्यापर्यंत यायला लई वेळ गेला. आणि आलं ते असं. नेट चालू असलं की फोन एंगेज. गिऱ्हाईक फोन लावून लावून कंटाळायचं आणि दुसऱ्या दुकानात जायचं. मला वाटायचं आज धंदाच नाही, नंतर कळायचं की सकाळपासून अकरा जणांनी फोन लावलेला. वर इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि फोनच्या कॉलचे वेगळे, म्हणजे मेल उघडायला बसलो की डोक्यात मीटर पळायचा. मेल वाचायची, पटकन लाइन तोडायची, उत्तर टाइप करायचं, परत डायल करायचं.

मोठी फाइल कोल्हापूरला छापायला पाठवायची तर आम्ही काय करायचो माहीत आहे काय? सीडी भरायची, कागदात गुंडाळायची, वर प्रेसचं नाव लिहायचं आणि एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. सोबत चहाला पाच रुपये. तासाभरात सीडी कोल्हापूर स्टँडवर. एकदा गंमत म्हणून हिशेब केलेला, ६५० एमबीची सीडी त्या फोनवरनं पाठवायला सेकंदाला पाच केबीच्या हिशेबानं ३६ तास लागले असते. एसटी जास्त फास्ट होती बघ.

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं, आमच्याकडं यायला आणि वेळ लागला. माझ्याकडं आलं तवा पहिल्या दिवशी मी दहा वेळा फोन उचलून बघितला, नेट चालू आणि डायलटोन पण चालू. विश्वासच बसंना. स्पीड सोड, मला तरी ब्रॉडबँडचा खरा फायदा तेवढाच वाटला, की फोन माझा मला परत मिळाला.

एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ कितीबी वापरा फुकट असायचं. मग काय, पावणेदोनला गजर. बायको म्हणायची नेट घेतलंय का म्हैस पाळलीय.

बिनकामाचा

सगळं खरं पण फायदा काय झाला शेवटी? पूर्वी फोन वाजला की माणूस बोलायचा. आता घरात चार जण चार कोपऱ्यात रील बघत बसतात. लँडलाइन ठेवा म्हणतो मी. आणि बिघडलं तर कस्टमर केअरला फोन लावून बघा एकदा, अर्धा तास गाणं ऐकवतील आणि शेवटी अशा भाषेत बोलतील की आपण म्हणतोय ते त्यांना कळत नाही आणि ते म्हणतात ते आपल्याला.

तांब्याची_तार

मी बरीच वर्षं टेलिफोन लाइनच्याच कामात होतो, केबल जॉइंट करणं, फॉल्ट शोधणं हेच काम, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटाकडे जा.

आधी साधी फोन लाइन. एक्सचेंजपासून तुमच्या घरापर्यंत तांब्याच्या दोन तारा येतात, त्याला आम्ही पेअर म्हणतो. एक्सचेंजातून जाड केबल पिलरपर्यंत, पिलरमधून डीपी बॉक्सपर्यंत, तिथून खांबावरून ड्रॉप वायर तुमच्या भिंतीवर. या पेअरमधून फोन माणसाच्या आवाजापुरतीच एक खिडकी वापरतो, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. बोलणं समजायला तेवढं पुरतं. एक्सचेंज तो आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतं आणि प्रत्येक मोजणीला ८ बिट देतं, म्हणजे ६४ हजार बिट. निपाणीवाल्यांचा मॉडेम ५६ वर का अडकला याचं उत्तर इथं आहे, कॉलची वाटच ६४ ची, मॉडेम सोन्याचा आणला तरी त्यापुढे जाणार नाही. शिवाय मॉडेम बोलत असतो माणसाच्याच खिडकीतून, मग माणसाला जागा कुठली? म्हणून एंगेज.

तार मात्र तेवढ्यापुरती नसते. त्याच पेअरवरून आवाजाच्या बरंच वर, २५ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंत दुसरा सिग्नल सोडता येतो, नंतरच्या पद्धतीत २२०० पर्यंत. हेच जुन्या तारेवरचं ब्रॉडबँड, एडीएसएल. घरात स्प्लिटर नावाची छोटी डबी लावतात, ती खालचा आवाज फोनकडे पाठवते आणि वरचा सिग्नल मॉडेमकडे. डायल करायचं नाही, मिनिटं मोजायची नाहीत, फोन मोकळा. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, आज ते वाचून हसू येतं पण तेव्हा डायलअपच्या चौपट-पाचपट होतं. २०१३ ला ते ५१२ केलं आणि २०२३ ला २ एमबीपीएस.

आता हद्दीवरचा, तुमच्यासाठी. एडीएसएलचा दोष एकच, अंतर. एक्सचेंजपासून किलोमीटरभरात असाल तर मजा आहे, चार-पाच किलोमीटरवर गेलात की एक-दोन एमबीपीएस मिळालं तरी पेढे वाटा. आणि अंतर म्हणजे मोटारसायकलच्या मीटरवरचं नाही, केबल जशी फिरून येते तसं. त्यात आपल्याकडचा पाऊस. जॉइंटमध्ये पाणी गेलं की आधी फोनमध्ये खरखर येते, बोलणं तरी चालतं, पण ब्रॉडबँड तासाला दहा वेळा पडतं. कित्येकदा मी जॉइंट उघडलाय आणि आत हिरवा गंज आणि मुंग्यांचं वारूळ.

तुमची ८० एमबीची फाइल घेऊ. म्हणजे ६४० मेगाबिट. फाइल मेगाबाइटमध्ये (एमबी) मोजतात आणि वेग सेकंदाला मेगाबिटमध्ये (एमबीपीएस), एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठपटीचा फरक असतो हे लक्षात ठेवा, जाहिरातीत नेहमी मोठा आकडा असतो. साध्या फोनवरच्या मॉडेमनं पाठवायचं म्हटलं तर वर जायचा वेग ३३.६ केबीपीएस, म्हणजे सव्वापाच तास, लाइन न तुटता. एडीएसएलवर अपलोड ५१२ धरलं तर एकवीस मिनिटं. फायबरवर २० एमबीपीएस अपलोड मिळालं तर अर्धं मिनिट. लोक डाउनलोडच बघतात, तुमच्यासारख्यानं प्लॅन घेताना अपलोड किती ते आधी विचारावं.

बाबांचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर आहे. साध्या फोनला करंट एक्सचेंजातूनच येतो, ४८ व्होल्ट, त्याच तारेतून. तिथं बॅटऱ्यांची रांग आणि जनरेटर असतो. गावात दोन दिवस अंधार असला तरी फोन चालायचा तो त्यामुळे. फायबर म्हणजे काच, त्यातून उजेड येतो, करंट नाही. घरातल्या डबीला, ओएनटीला, तुमच्या घरचा करंट लागतो. तो गेला की इंटरनेट गेलं आणि त्यावरचा फोनही गेला. यावर उपाय आहे, १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, तीन-चार तास निघतात. तांब्यावरचं ब्रॉडबँड घेतलं असतं तरी मॉडेमला करंट लागलाच असता, फक्त फोन चालू राहिला असता.

हद्दीवरचा

तांब्याची तार सर, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं. ४८ व्होल्टचं ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की जणू पदवी मिळाली. आता रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगूलालेत. एक्सचेंज आमच्यापासून साडेतीन-चार किलोमीटर तरी आहे, म्हणजे तारेवरचं ब्रॉडबँड बाद म्हणायचं. वळवाच्या विजांचं काय? शेजाऱ्याचा टीव्ही मेमध्ये उडाला.

जांबोटी_रोड

मध्ये बोलते, राग मानू नका. बिनकामाचा दादांना सांगायचं होतं की रील बघायला नेट पाहिजे असं सगळ्यांचं नसतं हो. आम्ही जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या बाजूला. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझी दोन पोरं आणि शेजारची तीन अशी पाच जणं डोंगरावरच्या एका खडकावर जाऊन बसायची कारण तिथंच तेवढं नेटवर्क. पाऊस लागला की छत्री धरून. आमच्याकडचा पाऊस काय असतो ते बेळगाव शहरातल्यांना सांगून कळायचं नाही, तो लागला की लागलाच. धाकटीचा गणिताचा अर्धा वर्ग बुडालाय तो अजून दिसतो.

आता माझं गावात ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. शेताचा उतारा काढून देणं, फॉर्म भरणं, बँकेचं अंगठा लावून पैसे काढणं. उतारा कन्नडात असतो, तो छापून द्यायचा आणि मग आजोबांना मराठीत वाचून दाखवायचा, त्याचे पैसे घेत नाही. मोबाईल नेटवर काम करायचे तेव्हा काय व्हायचं, अंगठा लावला की ते चक्र फिरत राहायचं, फिरत राहायचं आणि शेवटी टाइमआउट. म्हातारी माणसं, शेतात राबून अंगठ्याच्या रेघा पुसलेल्या, आधीच दोन-तीनदा लावावा लागतो, त्यात नेट गेलं की सगळं परत पहिल्यापासून. आणि एकदा तर पैसे खात्यातून गेले आणि हातात आले नाहीत, परत जमा व्हायला आठवडा लागला, तोवर ती मावशी रोज दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. काही बोलायची नाही. नुसती बसायची.

पंचायतीपर्यंत फायबर आलं, तिथून माझ्या दुकानापर्यंत लाइन घेतली. स्पीडचा आकडा मला माहीतही नाही, सगळ्यात छोटा प्लॅन आहे. पण अंगठा लावला की दोन-तीन सेकंदात उत्तर येतं. मला तर एवढंच पाहिजे होतं, की बटण दाबलं की पलीकडून कुणीतरी लगेच ओ द्यावी.

तोटाही सांगते. रस्त्याचं काम निघालं आणि जेसीबीनं केबल तोडली तर सहा दिवस बंद. सहा दिवस. त्या काळात जुना लँडलाइन असता तर निदान फोन तरी करता आला असता असं मलाही वाटलं. तुमच्या बाबांचा फोन लगेच काढू नका, एक-दोन महिने दोन्ही चालू ठेवा.

तांब्याची_तार

ताईंनी जे सांगितलं ते आम्ही तांत्रिक माणसं सांगायला विसरतो. स्पीड आणि उत्तर यायला लागणारा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अंगठ्याच्या कामाला स्पीड फार लागत नाही, लाइन स्थिर लागते.

विजेचं विचारलंत. तांब्याची तार खांबावरून मैलोन्‌मैल उघडी येते, वीज कुठंही पडली तरी झटका तिच्यातून घरात शिरतो, एप्रिल-मेमध्ये जळके मॉडेम पोत्यानं बदललेत मी. काचेतून करंट वाहत नाही त्यामुळे फायबरला ती भीती नाही. पण एक बारीक गोष्ट, खांबावरून घरात येणाऱ्या चपट्या काळ्या फायबर वायरला ताण घ्यायला एक बारीक लोखंडी तार चिकटवलेली असते. ती भिंतीबाहेरच सोलून तोडायची आणि हुकला बांधायची, फक्त काच असलेला भाग आत घ्यायचा. जोडणारी मुलं घाईत तसंच आत ओढतात. उभं राहून करून घ्या.

दुसरं, जोडून झाल्यावर मीटर लावून आलेल्या उजेडाची पॉवर दाखव म्हणून सांगा, ती डीबीएममध्ये मोजतात. उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये आकडा आला तर उत्तम, उणे २७ च्या पलीकडे, म्हणजे उणे २८, उणे ३० असा असेल तर सही करू नका, कुठेतरी वायर मुडपली आहे किंवा जॉइंट वाईट आहे. वायर दाराच्या बिजागरीत किंवा खिळ्याला काटकोनात वळवू देऊ नका, काच आहे ती. आणि ओएनटीवर लाल दिवा लुकलुकला तर मॉडेम बंद-चालू करत बसू नका, बाहेर वायर तुटली आहे, सरळ तक्रार करा.

एक फायबर मध्ये फुटून साधारण ३२ घरांत वाटलं जातं, त्यामुळे संध्याकाळी थोडा फरक पडू शकतो. फायबर मध्ये जिथं फुटतं तिथं करंट लागत नाही, ही मोठी सोय. पण केबलवाल्याच्या टोकाला लागतो, त्याच्याकडे बॅटरी बॅकअप किती आहे ते विचारा, नाहीतर तुमचा यूपीएस चालू आणि लाइन बंद असं होईल.

जुना नंबर बहुतेक ठिकाणी त्याच कंपनीच्या फायबरवर घेता येतो. अर्ज करतानाच तसं लिहून द्या, नंतर मागितलं की खेटे.

निपाणी_डीटीपी

प्लॅनच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतोय ते पण धरून चाल, जाहिरातीत बारीक अक्षरात असतंय. आणि बिनकामाचा, तू हे सगळं लिहितोयस ते कशावरनं, पोस्टकार्डावरनं काय?

बिनकामाचा

फायबरवरनं 😄 मुलानं घेतलंय.

हद्दीवरचा

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. घेतलं. जुना नंबर फायबरवर घेण्याचा अर्ज दिला, बाबांची सही त्यांनी स्वतः केली, अर्धा तास अर्ज वाचून. जोडायला दोन पोरं आली, ती लोखंडी तार आत ओढूलालीत बघून मी थांबवलं, त्यातला एक म्हणाला तुम्ही पण ह्याच लाइनमध्ये काय सर. मीटरवर उणे १९ आलं. ८० एमबीची फाइल चहा गाळून होईस्तोवर गेली, मला वाटलं अडकलीच असणार म्हणून वर्कशॉपला फोन करून विचारलं, ते म्हणाले उघडून बघितली पण.

मिनी यूपीएस घेतला. बाबांनी परीक्षा घेतली, न सांगता मेन स्विच पाडला आणि घड्याळ घेऊन बसले. तीन तास दहा मिनिटं चालला. ‘तांब्याचा दोन दिवस चालायचा’ एवढंच बोलले खरं चेहरा बरा होता.

आता एक अडचण. आमचा जुना बटणांचा फोन ओएनटीच्या मागच्या फोनच्या खाचेत लावलाय. आत्याचा फोन येतोय, रिंग वाजतेय, आवाज लख्ख. खरं आमच्याकडनं लावायला गेलं तर नंबर लागतच नाही, टक टक टक आवाज येतो आणि डायलटोन तसाच चालू राहतो. बाबा म्हणतात बघ, सांगितलं होतं.

तांब्याची_तार

फोन उलटा करा. खाली किंवा बाजूला एक छोटी सरकती खुंटी असेल, एका बाजूला पी आणि दुसऱ्या बाजूला टी. तुमची पी वर आहे. जुन्या एक्सचेंजच्या काळात टक टक असे ठोके मोजून नंबर लागायचा, या डब्या बहुतेक ते ठोके ओळखत नाहीत, त्यांना सूर लागतो. पेनाच्या टोकानं टी कडे सरकवा.

हद्दीवरचा

खुंटी सापडली. धुळीनं बुजलेली, काडेपेटीच्या काडीनं सरकवली. बाबांनी स्वतः नंबर दाबला, प्रत्येक बटणाला वेगळा सूर येतोय म्हणून दोनदा ठेवून परत दाबला. आत्या म्हणाली अजून सात वाजले नाहीत, काय झालं म्हणून तू फोन केलास?